घोड्याचा राग असलेला घोडदळाचा कर्नल : ग्रिअर्सनचं खरं काम कोणतं?

कासेगावकर (धागाकर्ता)

मंडळी, बेंजामिन ग्रिअर्सन हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत असायचं कारण नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धातला उत्तरेकडचा घोडदळ अधिकारी. जन्म १८२६, पिट्सबर्ग. आठ वर्षांचा असताना घोड्याने तोंडावर अशी लाथ मारली की जगतो की नाही अशी अवस्था झाली, आणि तेव्हापासून गड्याला घोडा म्हटलं की नको. मोठा होऊन झाला संगीत शिक्षक, इलिनॉयमधल्या जॅक्सनव्हिलला बँड चालवायचा. मग मेरेडोसियाला दुकान टाकलं, ते बुडालं, डोक्यावर कर्ज. युद्ध सुरू झाल्यावर सैन्यात गेला आणि नशिबाने आला कशात, तर घोडदळात.

एप्रिल १८६३ मध्ये उत्तरेचा सेनापती ग्रँट याला व्हिक्सबर्ग हे दक्षिणेचं नदीकाठचं ठाणं घ्यायचं होतं. मिसिसिपी नदी ओलांडताना शत्रूचं लक्ष दुसरीकडे हवं होतं. ग्रिअर्सन १७०० स्वार घेऊन १७ एप्रिलला टेनेसीतल्या ला ग्रेंजहून निघाला आणि अख्खं मिसिसिपी राज्य उभं कापत २ मेला लुइझियानात बॅटन रूजला पोचला. १६ दिवस, ६०० मैल. वाटेत न्यूटन स्टेशनला रेल्वे उखडली, तारा तोडल्या, दोन गाड्या जाळल्या. सगळ्या धाडीत त्याची माणसं मेली तीन. ३० एप्रिलला ग्रँट ब्रुइन्सबर्गला नदी उतरला आणि ४ जुलैला व्हिक्सबर्ग पडलं.

इतकं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. पण युद्ध संपल्यावर हाच माणूस १८६६ पासून जवळजवळ निवृत्तीपर्यंत एकाच रेजिमेंटचा कर्नल होता, दहावी घोडदळ, कृष्णवर्णीय सैनिकांची. कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास, शेवटी ऍरिझोना. त्याबद्दल दोन ओळी लिहून लोक विषय संपवतात. मला विचाराल तर त्याचं खरं काम हे नंतरचंच. तुम्हाला काय वाटतं?

गोम्या

संगीत शिक्षकाला घोडदळात घेतलं म्हणजे सरकारी भरती जगभर सारखीच :D

ठसकेबाज काकू

वा, छान विषय. वाचतेय. पण कर्ज झालं म्हणून सैन्यात गेला हे जरा सोपं करून सांगताय का? त्या भागात लिंकनच्या ओळखीतले बरेच लोक होते, गुलामगिरीविरोधी वातावरण होतं, हा स्वतः लिंकनचा प्रचार करणाऱ्यातला. पोट आणि तत्त्व दोन्ही असू शकतं की माणसाला एका वेळी.

सातारी बारगीर

धाडीबद्दल थोडं लिहितो कारण घोडदळ हा माझा आवडता विषय.

त्याने काय डोकं लावलंय बघा. निघताना पाच दिवसांचाच शिधा, कडक बिस्किटं, कॉफी, साखर, मीठ. माणशी ४० काडतुसं. बाकी रस्त्यात मिळेल त्यावर. चौथ्या दिवशी आजारी, थकलेले असे १७५ जण निवडून काढले आणि त्यांना कैदी वगैरे देऊन परत पाठवलं, म्हणजे मागून येणाऱ्यांना वाटावं सगळेच परत फिरले. या तुकडीचं नाव सैनिकांनी ठेवलं होतं क्विनाईन (हिवतापाचं औषध) ब्रिगेड! दुसऱ्या दिवशी कर्नल हॅचची अख्खी सेकंड आयोवा रेजिमेंट पूर्वेला सोडली, पाठलाग करणारे तिच्या मागे लागले. मग कॅप्टन फोर्ब्जची एक कंपनी वेगळ्या दिशेला. ही कंपनी जाता जाता एंटरप्राइज नावाच्या गावात पांढरं निशाण घेऊन गेली आणि त्यांच्याकडेच शरणागती मागितली, तेही मूठभर माणसांच्या जोरावर. तिथला अधिकारी म्हणाला विचार करायला तासभर द्या, आणि तेवढ्यात हे पसार.

शिवाय पुढे चालणारे आठ-नऊ हेर, सार्जंट सर्बीच्या हाताखाली, दक्षिणेच्या लोकांसारखे कपडे घातलेले. पकडले गेले असते तर थेट फाशी.

आपल्याकडच्या वाचकाला एक गोष्ट लगेच कळेल. दक्षिणेचे स्वार बहुतेक शिलेदार होते, घोडा स्वतःचा, सरकार त्याचे रोज ४० सेंट भाडं द्यायचं. लढाईत मेला तर भरपाई, पण दमून किंवा रोगाने मेला तर तुझं तू बघ. घरी जाऊन नवा घोडा आणायचा नाहीतर पायदळात. उत्तरेचे बारगीर, घोडा सरकारी. सुरुवातीला शिलेदार भारी पडले कारण घोडाही आणि मांडही घरचीच, पण लांबलेल्या युद्धात ज्याच्या मागे सरकारी तबेला तो टिकला. आपल्या इतिहासात बारगीर-शिलेदार हिशोब ज्याने वाचलाय त्याला हे नवीन नाही.

नदीकाठचा

@सातारी बारगीर, माहिती उत्तम, पण धाडीचं कौतुक जरा आवरतं घ्या. पेंबर्टनकडे, म्हणजे दक्षिणेच्या तिथल्या सेनापतीकडे, त्या वेळी घोडदळ जवळपास नव्हतंच. त्याचे व्हॅन डॉर्नच्या हाताखालचे स्वार टेनेसीत ब्रॅग या दुसऱ्या सेनापतीकडे पाठवले होते. रिकाम्या घरात शिरलेल्याला शूर किती म्हणायचं? आणि त्याच आठवड्यांत उत्तरेचाच कर्नल स्ट्राइट अलाबामात अशीच धाड घालायला गेला होता, माणसं खेचरांवर बसवून. त्याच्या मागे दक्षिणेचा घोडदळ सेनापती फॉरेस्ट लागला आणि ३ मेला स्ट्राइट शरण. ग्रिअर्सनच्या मागे फॉरेस्ट असता तर हा धागा निघाला नसता.

सातारी बारगीर

फॉरेस्ट मागे नसेल अशा ठिकाणी जायचं ठरवलं यालाच योजना म्हणतात साहेब.

नदीकाठचा

योजना ग्रँटची आणि त्याच्या हाताखालच्या जनरल हर्लबटची. कर्नलने ठरवलं नव्हतं.
आणि जून १८६४ मध्ये ब्राइसेस क्रॉसरोड्सला फॉरेस्ट समोर आलाच की. तिथे ग्रिअर्सनही होता, जनरल स्टर्जिसच्या हाताखाली. निकाल सगळ्यांना माहीत आहे.

कासेगावकर (धागाकर्ता)

त्या पराभवाचं खापर स्टर्जिसवर फुटलं आणि ते बरोबरच होतं. उन्हात पायदळ पळवत आणून थकलेल्या अवस्थेत लढायला उभं केलं. पण मूळ मुद्दा सुटतोय. धाड झाली, गाजली. नंतरचं बोलूया ना.

गोम्या

तरी एक प्रश्न. ६०० मैल घोड्यावर बसून माणूस नंतर चालतो कसा? माथेरानला दस्तुरी नाक्यापासून वर जाऊन मी रात्रभर उशीवर बसलो होतो.

ठसकेबाज काकू

गोम्या, तुझ्या घोड्यालाही विचार कोणीतरी.

सांगलीकर शिकागोत

काकू :)))

धाडीचा शेवट मात्र मला फार आवडतो, सांगितल्याशिवाय राहवत नाही. बॅटन रूज सहा-सात मैलांवर असताना ग्रिअर्सनने थांबायचा हुकूम दिला. माणसं जमिनीवर पडली तशी झोपली. कोणीतरी जागं राहायला हवं म्हणून हा जवळच्या मळ्याच्या घरात शिरला, दिवाणखान्यात पियानो दिसला, बसला आणि वाजवायला लागला! घरचे लोक बघतच राहिले. तेवढ्यात एक शिपाई धावत आला की शत्रू चाल करून येतोय. ग्रिअर्सनने हिशोब केला की या बाजूने येतील ते आपलेच असणार, कारण बॅटन रूज उत्तरेच्या ताब्यात. आणि एकटा चालत समोर गेला. आपलेच होते. झालं काय होतं, तर त्याचा एक स्वार घोड्यावरच झोपला, घोडा चालत राहिला आणि झोपलेल्या अवस्थेत पहारेकऱ्यांपर्यंत पोचला, तिथून कळलं की मिसिसिपीतून कोणी आलंय, आणि ते कोणाला खरं वाटेना म्हणून बघायला तुकडी पाठवली होती.

अश्विनी प्र

अरे काय मस्त धागा. हार्मोनियम शिकवणाऱ्या आमच्या सरांना पाठवते.

जॉन वेनचा एक जुना सिनेमा या धाडीवर बेतलेला आहे, पण त्यात नायकाला रेल्वे इंजिनियर केलंय. संगीत शिक्षक शोभला नसता बहुतेक :(

वाळवंटी

टेक्सासमध्ये राहतो म्हणून नंतरच्या भागावर मी लिहितो, धागाकर्ते वाट बघून कंटाळलेत.

१८६६ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांच्या सहा रेजिमेंट उभ्या करायचं ठरलं, दोन घोडदळाच्या, नववी आणि दहावी. अधिकारी मात्र गोरे. आणि बऱ्याच गोऱ्या अधिकाऱ्यांना ही नेमणूक कमीपणाची वाटायची, एक पद खालचं चालेल पण गोऱ्या रेजिमेंटमध्ये द्या म्हणणारे होते. ग्रिअर्सनने घेतली. फोर्ट लेव्हनवर्थला भरती सुरू केली तर तिथला प्रमुख जनरल हॉफमन याने दहाव्या रेजिमेंटचा तळ पाणथळ जागेत टाकायला लावला. पोरं न्यूमोनियाने आजारी पडायला लागली. परेडच्या वेळी हुकूम की यांनी गोऱ्या पलटणींपासून लांब उभं राहायचं. ग्रिअर्सन भांडला, वर लिहित राहिला, शेवटी १८६७ मध्ये मुख्यालयच फोर्ट रायलीला हलवलं. आपल्या कंपन्यांच्या कागदांवर वर्णाचा उल्लेख करायचा नाही, फक्त दहावी घोडदळ लिहायचं, असा त्याचा आदेश होता.

पगार महिना १३ डॉलर, गोऱ्यांइतकाच. तो बऱ्यापैकी मोठा होता त्या काळात कालपर्यंत गुलाम असलेल्या माणसाला. पळून जाणाऱ्यांचं प्रमाण गोऱ्या रेजिमेंटपेक्षा यांच्यात खूप कमी होतं. घोडे मात्र बऱ्याचदा दुसऱ्यांनी टाकून दिलेले मिळायचे.

आणि हा तिथे पण बँड घेऊन बसला. ओसाड ठाण्यात संध्याकाळी बँड वाजतोय म्हणजे कल्पना करा.

नदीकाठचा

इथे मात्र मान्य. १८६६ मध्ये ही नेमणूक घेऊन निभावणं हे धाडीपेक्षा अवघड. धाड १६ दिवसांत संपते, हॉफमन रोज सकाळी समोर असतो.

(पण धाडीबद्दलचं मत बदललेलं नाही.)

निळावंती

सगळं ठीक आहे पण एक गोष्ट कोणी बोलत नाहीये. गुलामांच्या मुक्तीसाठी लढलेला माणूस पुढची चोवीस वर्षं करतोय काय? कायोवा, कोमांची, अपाची या मूळ रहिवासी जमातींना त्यांच्याच जमिनीवरून हाकलतोय. आणि ते करायला माणसं कुठली, तर नुकतीच साखळीतून सुटलेली. याला "खरं काम" म्हणायला मन धजत नाही माझं.

कासेगावकर (धागाकर्ता)

निळावंती, मुद्दा रास्त आहे आणि तो टाळायचा नाहीये. पण त्याच्या वरिष्ठांची तक्रार उलट होती, की हा इंडियन (म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी) लोकांशी फार मऊ वागतो. वरिष्ठ सेनापती शेरिडनला तो कधीच आवडला नाही. फोर्ट सिलला असताना तिथल्या क्वेकर (शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या) सरकारी एजंटबरोबर जमवून घेऊन शांततेने चालवायचा प्रयत्न करायचा. फोर्ट सिल उभंही यानेच केलं, १८६९ पासून.

निळावंती

मऊ हाताने घर घेतलं तरी घर गेलंच ना.

वाळवंटी

फोर्ट सिलचा विषय निघालाच आहे तर १८७१ चं सांगतो. मे महिन्यात कायोवांनी टेक्सासमध्ये एक सरकारी मालाचा तांडा लुटला, सात गाडीवान मारले. लष्कराचा सरसेनापती शेर्मन स्वतः तेव्हा दौऱ्यावर होता आणि थोडक्यात वाचला होता, त्याच रस्त्याने आदल्या दिवशी गेला होता. तो फोर्ट सिलला ग्रिअर्सनच्या घरी उतरला. कायोवा सरदार शिधा घ्यायला आले तेव्हा सटांटाने उघड सांगितलं की धाड मीच घातली. शेर्मनने सगळ्यांना ग्रिअर्सनच्या व्हरांड्यात बोलावलं आणि अटक जाहीर केली. खिडक्यांच्या झडपा उघडल्या तर आत दहाव्या घोडदळाचे शिपाई बंदुका रोखून. तेवढ्यात लोन वुल्फ हा दुसरा कायोवा सरदार कार्बाइन घेऊन आला, नेम धरला, आणि ग्रिअर्सनने त्याच्यावर उडी घातली, दोघे एकमेकांत गुंतून जमिनीवर. कोणी गोळी झाडली असती तर व्हरांड्यातले निम्मे गेले असते, शेर्मनसकट.

ग्रिअर्सनची बायको-मुलं त्याच घरात राहतायत हे लक्षात ठेवा.

ठसकेबाज काकू

त्या बायकोबद्दल बोला ना कोणीतरी. ऍलिस. सात मुलं झाली, तीन लहानपणीच गेली. मुलगी एडिथ तेरा वर्षांची असताना फोर्ट काँचोला टायफॉइडने गेली, १८७८ मध्ये. दोन मुलगे मोठेपणी मानसिक आजाराने त्रस्त. दर दोन-चार वर्षांनी बिऱ्हाड उचलून नवीन ओसाड जागी. १८७१ मध्ये ती काही महिने शिकागोला निघून गेली होती आणि तिथून नवऱ्याला पत्रं लिहिली त्यात सरळ लिहिलंय की सततच्या बाळंतपणांना मी कंटाळले आहे. त्या काळात हे नवऱ्याला लिहायची हिंमत बघा. साहेबांच्या बदल्यांची यादी सगळे देतात, त्या प्रत्येक बदलीत चूल कोणी मांडली ते नाही लिहीत.

अश्विनी प्र

काकू +१००. आमचे बाबा एअरफोर्समध्ये होते. आईने पडदे कधी शिवलेच नाहीत, म्हणायची पुढच्या क्वार्टरच्या खिडक्या वेगळ्या असणार.

सातारी बारगीर

माझ्या मते त्याची लष्करी हुशारी धाडीपेक्षा १८८० च्या व्हिक्टोरियो मोहिमेत जास्त दिसते. व्हिक्टोरियो हा अपाची सरदार, त्याचा पाठलाग करून दोन देशांच्या फौजा दमल्या होत्या. घोडे मरायचे, हा डोंगरात गायब. ग्रिअर्सनने पाठलागच सोडला. पश्चिम टेक्सासच्या त्या वाळवंटात पाणी मोजक्याच जागी आहे, मग मागे कशाला धावायचं, पाणवठे धरून बसायचं. ३० जुलैला टिनाहा दे लास पाल्मास नावाच्या जागी त्याच्याकडे फक्त वीस-पंचवीस माणसं, सोबत स्वतःचा मुलगा रॉबर्ट, आणि समोरून व्हिक्टोरियो त्याच्या कितीतरी जास्त लोकांसह आला. दगडांचे मोर्चे रचून पाणी धरून ठेवलं, कुमक येईपर्यंत. ६ ऑगस्टला रॅटलस्नेक स्प्रिंग्जला परत तेच. पाणी मिळालं नाही म्हणून व्हिक्टोरियो मेक्सिकोत परतला आणि ऑक्टोबरमध्ये तिथे मेक्सिकन फौजेने त्याला मारलं. त्यामुळे श्रेय ग्रिअर्सनला मिळालंच नाही.

दुष्काळी भागातल्या माणसाला हे डावपेच समजावून सांगावे लागत नाहीत.

निळावंती

डावपेच म्हणून हुशार आहे, नाही म्हणत नाही. पण त्या टोळीत बायका-मुलंही होती आणि तहान त्यांनाही लागत होती.

वाळवंटी

तहान दोन्हीकडे होती. १८७७ मध्ये दहाव्याचीच एक कंपनी, कॅप्टन नोलनची, कोमांचींच्या मागावर स्टेक्ड प्लेन्स या टेक्सासच्या कोरड्या पठारावर वाट चुकली. ८६ तास पाण्याशिवाय. मेलेल्या घोड्यांचं रक्त प्यायले, मूत्र प्यायले. चार सैनिक आणि एक शिकारी मेला. ग्रिअर्सनच्या अख्ख्या कमांडमध्ये पाण्याबद्दलची जी काळजी दिसते तिच्यामागे हे आहे असं मला वाटतं.

गोम्या

एवढं सगळं करून प्रमोशन कधी मिळालं?

नदीकाठचा

५ एप्रिल १८९० ला ब्रिगेडियर जनरल. ८ जुलैला निवृत्त.

गोम्या

म्हणजे निरोप समारंभापुरतं. नारळ, शाल आणि ब्रिगेडियर.

नदीकाठचा

गंमत नाही, १८६३ मध्येच ब्रिगेडियर झालेला माणूस आहे तो, पण स्वयंसेवक दलातला. युद्ध संपलं की ती पदं गेली. कस्टर नावाचा दुसरा घोडदळवाला तर मेजर जनरल होता, नंतर सातव्या घोडदळात लेफ्टनंट कर्नल. त्यात ग्रिअर्सन वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा नाही, म्हणजे मोठ्या साहेबांच्या वर्तुळातला नाही, आणि रेजिमेंट कृष्णवर्णीय. तिन्ही गोष्टी आड आल्या. कस्टर १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला इंडियनांशी लढताना मेला आणि अमर झाला. हा जगला, ही चूक.

सांगलीकर शिकागोत

युद्धातल्या घोडदळवाल्यांची नंतरची आयुष्यं एकापेक्षा एक आहेत. फॉरेस्ट आधी गुलामांचा व्यापारी, युद्धात फोर्ट पिलोच्या कत्तलीचा डाग, नंतर कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेचा पहिला म्होरक्या. मॉस्बी, दक्षिणेचा, ज्याने व्हर्जिनियात उत्तरेच्या नाकी नऊ आणले, तो नंतर ग्रँटचा समर्थक झाला, गावाने वाळीत टाकलं, आणि मग हाँगकाँगला अमेरिकेचा वाणिज्यदूत म्हणून गेला, १८७८ ते ८५. आणि जोसेफ व्हीलर! दक्षिणेचा घोडदळ सेनापती, १८९८ च्या क्युबा युद्धात अमेरिकेचा मेजर जनरल म्हणून परत गणवेश चढवला, आणि त्याच्या डिव्हिजनमध्ये कोण, तर ग्रिअर्सनची दहावी घोडदळ. गुलामगिरीसाठी लढलेला म्हातारा आणि पूर्वीच्या गुलामांच्या मुलांची रेजिमेंट, सान हुआनच्या डोंगरावर एकत्र.

अश्विनी प्र

हे कोणी कथेत लिहिलं असतं तर संपादकांनी "अतिरंजित" म्हणून परत पाठवलं असतं.

एक वाचक

अवांतर : आपल्याकडे आता घोडदळ उरलंय का? पूना हॉर्स वगैरे ऐकलंय.

सातारी बारगीर

पूना हॉर्स रणगाड्यांवर आहे कधीचं, नावात फक्त घोडा. खरे घोडे जयपूरच्या ६१ कॅव्हलरीकडे. वेगळा धागा काढा, तिकडे भरभरून लिहितो.

वाळवंटी

एक काळी बाजू पण नोंदवून ठेवतो नाहीतर देव करून टाकाल. फोर्ट डेव्हिसला १८८२ मध्ये मुख्यालय नेल्यावर साहेबांनी आसपास भरपूर जमीन घेतली. ठाणं वाढावं, इमारती व्हाव्यात यासाठी लिहित राहिले. ठाणं वाढलं की जमिनीचा भाव वाढतो हे सांगायला नको. टीका झाली होती तेव्हाच.

गोम्या

बदलीच्या गावी प्लॉट घेणारा साहेब! हा माणूस मला आत्ता कुठे खरा वाटायला लागला.

ठसकेबाज काकू

आयुष्यभर दुकानाच्या कर्जाची धास्ती घेतलेला माणूस तो. जमीन घेणारच.

वाळवंटी

तेही आहे. आणि हेन्री फ्लिपर राहिला. वेस्ट पॉइंटमधून पदवी घेतलेला पहिला कृष्णवर्णीय, १८७७, दहाव्यातच आला. १८८१ मध्ये फोर्ट डेव्हिसलाच त्याच्यावर पैशांच्या अफरातफरीचा खटला झाला, तेव्हा प्रमुख होता शाफ्टर. अफरातफर सिद्ध झाली नाही तरी न शोभणारं वर्तन म्हणून १८८२ मध्ये बडतर्फ. ग्रिअर्सनने त्याच्या बाजूने लेखी चांगलं मत दिलं होतं, उपयोग झाला नाही. माफी मिळाली १९९९ मध्ये, क्लिंटनच्या हातून.

निळावंती

कासेगावकर, तुमच्या मूळ प्रश्नाला आता उत्तर देते. खरं काम नंतरचंच, पण ते सरहद्दीवरचं नाही. हजारो माणसं, ज्यांना कालपर्यंत अक्षर शिकवणं दक्षिणेत गुन्हा होता, ती पगारी, गणवेशातली, हक्क मागणारी झाली, आणि त्यांच्या वतीने हॉफमनसारख्यांशी कागदोपत्री भांडणारा एक कर्नल होता. तेवढं त्याचं. व्हिक्टोरियोचं मी त्याच्या खात्यात जमा करणार नाही.

कासेगावकर (धागाकर्ता)

मी करेन, पण वेगळ्या रकान्यात. सरकारने पाठवायचं आणि अधिकाऱ्याने नाही म्हणायचं अशी सोय नव्हती, राजीनामा एवढाच मार्ग, आणि त्याने दिला असता तर जागी आलेला माणूस बहुतेक शेरिडनच्या पसंतीचा असता.

निळावंती

"मी नसतो तर वाईट माणूस आला असता" हे प्रत्येक साहेब म्हणतो.

नदीकाठचा

आणि अर्ध्या वेळा खरंही असतं.

सांगलीकर शिकागोत

तो वारला १९११ मध्ये, मिशिगनमधल्या ओमेनाला, ८५ वर्षांचा. ज्यांना त्याचं गाव बघायचंय त्यांच्यासाठी, जॅक्सनव्हिल इलिनॉयमधल्याच स्प्रिंगफिल्डपासून तासाभराच्या आत आहे, लिंकनचं घर बघायला सगळे जातातच, तेव्हा जोडून करता येईल.

वाळवंटी

फोर्ट डेव्हिस पण कराच. अधिकाऱ्यांच्या घरांची रांग नीट जपली आहे, जवळ मॅकडोनाल्ड वेधशाळा आहे, रात्री आकाश बघायला मिळतं. उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका आणि पाणी जास्त घ्या, गाडीत वेगळं, बरोबर वेगळं. डिसेंबरात कोणी येणार असेल तर व्यनि करा, आम्ही दोन-तीन कुटुंबं मिळून जायचं ठरवतोय.

गोम्या

घोडे मिळतात का तिथे? नको, राहू दे.